घरटी एक बाई

पौष महिना होता आणि ठकूबाईच्या कांद्याची लागण होती. आदल्या दिवशी संध्याकाळीच रोप उपटून, जुड्या बांधून, ओल्या गोणपाटाखाली ठेवलेलं होतं. उपटलेलं रोप थांबत नाही. तिकडे मंचरच्या शेडमधली मिरचीही थांबणार नव्हती, कारण तिचं विमान ठरलेलं होतं. कुशाबाईला दोन्हीकडे जायचं होतं.

सावड म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. आज तुझ्या वावरात माझ्या घरचं एक माणूस, उद्या माझ्या वावरात तुझ्या घरचं एक. पैशाचा संबंध नाही. कोण आलं हेही कुणी बघत नाही. सासू आली काय, सून आली काय, दोन्ही सारख्याच. घरटी एक बाई वाफ्यात उभी राहिली की त्या घराची सावड फिटली. मात्र ती फेडावीच लागते. गेल्या आठवड्यात कुशाबाईच्या कांद्याला ठकूबाई आली होती. पाठ धरलेली असताना आली होती, कण्हत कण्हत तिनं वाफे लावले होते. आज तिच्या वाफ्यात कुशाबाईच्या घरचं कुणी दिसलं नाही, तर ती तोंडानं काही बोलणार नव्हती. तेच कुशाबाईला नको होतं.

आणि शेड? मंचरच्या बाहेर, हायवेला लागून, रमणलाल शेठजींची जुनी कांदा-बटाट्याची वखार होती. त्यांचा मुलगा पारस याने तिचे पत्रे बदलले, खाली फरशी घातली, थंड हवेची खोली बांधली, आणि मिरची, भेंडी निवडून छोट्या खोक्यांतून परदेशी पाठवायला सुरुवात केली. निवडायला आसपासच्या गावांतल्या बायका. डोक्याला टोपी, हातात मोजे, गळ्यात फोटोचं कार्ड. पारसची बायको चेतना त्यांच्यावर लक्ष ठेवायची.

कुशाबाईचं तिथं दुसरं वर्ष चाललं होतं. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून यायच्या. बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, बाहेर जायचं तर शाळेतल्या पोरासारखा हात वर करायचा. पण बाहेर म्हणजे दार असलेला संडास होता, आणि दाराला आतून कडी होती. पगार ठरल्या तारखेला आणि तिच्याच हातात. नव्याकोऱ्या चपला घेताना तिला नवऱ्याला विचारावं लागलं नव्हतं. माहेराला जाताना एसटीचं भाडं मागावं लागलं नव्हतं. आणि ते कार्ड. त्यावर लिहिलं होतं, कुशाबाई सावळाराम. गावात ती कुणाची सून होती, कुणाची आई होती. चेतना मात्र टेबलापाशी येऊन "कुशाबाई" म्हणायची, आणि ते ऐकताना दरवेळी तिची मान जरा ताठ व्हायची.

तिनं सुट्टी मागितली होती. चेतना म्हणाली, "उद्या नाही. उद्या पाहुणे येणार आहेत, मुंबईहून. माल घेणाऱ्या कंपनीची माणसं. सगळ्या जागेवर पाहिजेत. दांडी मारायची नाही."

रात्रभर ती कूस बदलत राहिली. पहाटे चुलीपुढे बसल्यावर तिला उपाय सुचला, आणि इतका सोपा उपाय आधी कसा सुचला नाही याचं तिला नवल वाटलं. शेजारी तिची धाकटी जाऊ झुंबर भाकरी थापत होती. चूल एकच, घर एकच.

"झुंबर, आज शेडला तू जा."

"मी? मला कोन आत घील, आक्का?"

"का न घ्यायला? त्यांला आपल्या घरचं एक माणूस पायजे. टोपी घातली की समद्या सारख्याच दिसत्यात. वाकडी मिरची बाजूला, डाग पडल्याली बाजूला, सरळ ती खोक्यात. तुला काय मिरची शिकवायची व्हय?"

"आन् कुनी नाव इचारलं तर?"

"खरं सांगायचं. आपन काय चोरी करतोय?"

शेडच्या फाटकावर चिमाजी वॉचमन होता, शेजारच्या वाडीचा. त्यानं कार्ड पाहिलं, मग तोंड पाहिलं.

"तू तर धाकली."

"आक्का सावडीला गेल्यात."

"मग पळ की आत, उशीर झालाय," चिमाजी म्हणाला. त्याला यात काही वावगं दिसलं नाही. चिमाजीच्या घरचीही सावड होतीच.

वाफ्यात कुशाबाईचं स्वागत झालं.

"आली गं कंपनीची मॅडम!" ठकूबाई ओरडली. "मोजं आनल्यात का? न्हाईतर चिखल लागंल हाताला."

"तुझ्या तोंडाला बांधायला आनलंय एक," कुशाबाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

बायका थोड्याच होत्या. पूर्वी एका रांगेत वाकल्या की वाफ्यामागून वाफा उरकायचा. आता शेडमुळे तिघीचौघी कमी झाल्या होत्या, आणि लाईट जायच्या आत पाणी द्यायचं होतं. कुशाबाईचे हात भराभर चालत होते. गार चिखलात रोप खोचताना तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून तिचं मन पुन्हा बेचैन होत होतं. हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला की ती मान वर करायची. झुंबरनं टोपी नीट घातली असेल का? कानावरचे केस आत घेतले असतील का? शेडमध्ये असली की तिला वावर आठवायचं. आज वावरात होती, तर जीव शेडमध्ये होता.

दुपारी जेवणं उरकून बायका पुन्हा वाकल्या, तेव्हा बांधावरून झुंबर येताना दिसली. शेड सुटायला अजून खूप वेळ होता. तिच्या गळ्यात कार्ड नव्हतं.

"काय झालं गं?"

"काय सुदिक न्हाई झालं, आक्का. लई चांगली मान्सं व्हती." झुंबर घाबरलेली होती आणि थोडी खुशीतही होती. "एक बाप्या आन् एक बाई. बाप्या माझ्या टेबलापाशी आला. टीव्हीवानी बोलला, आपका नाम क्या है. मी म्हनलं, कुशाबाईंच्या घरची. तो म्हनला, हां, कुशाबाई. मी म्हनलं, न्हाई न्हाई, त्या माझ्या जाऊबाई, त्या सावडीला गेल्यात. त्याला सावड कळंना. मंग मी समदं नीट सांगितलं. ठकूबाई कशी आल्ती, पाठ धरल्याली, तरी कशी आल्ती. त्यानं समदं लिवून घेतलं."

"आन् चेतनाताई?"

"त्या पांढऱ्याफटक पडल्या."

कुशाबाईच्या हातातली जुडी वाफ्यात पडली. रोप खोचायला ती पुन्हा वाकली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पारसच्या ऑफिसात उभी होती. पारसही उभाच होता. त्यालाही आज बसवत नव्हतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत रमणलाल शेठजी होते. व्यवहार मुलाच्या हाती दिला तरी ते रोज येऊन बसायचे.

"कुशाबाई, दांडी मारायची नाही असं बजावून सांगितलं होतं," पारस म्हणाला.

"मंग? म्या कुठं दांडी मारली? माझ्या घरचं माणूस धाडलं."

"बरोबर बोलतेय ती," रमणलाल म्हणाले. "आपल्या वखारीत असंच चालायचं. धर्माजीची बायको आजारी पडली तर त्याची आई यायची. कांदा निवडून झाला म्हणजे झालं. कोण आलं ते कोण विचारतो?"

शेठजी आपल्या बाजूनं बोलले म्हणून कुशाबाईला क्षणभर बरं वाटलं. मग तिला ती वखार आठवली. तिची सासू तिथं कांदा निवडायला जायची. बाजार उतरलाय, पुढच्या आठवड्याला बघू, असं ऐकून रिकाम्या हातानं परत यायची. आडोसा म्हणजे मागची घाणेरीची झुडपं. कोण आलं हे तेव्हा कुणी विचारायचं नाही, ते खरं होतं. कोण गेलं, हेही कुणी विचारायचं नाही.

पण लढायला हाती आलंय ते वापरायचं, म्हणून ती म्हणाली, "पारसभाऊ, तुमी परगावी गेल्यावर बाजारातल्या पेढीवर पीयूषभाऊ बसत्यात. तुमचं धाकलं भाऊ. आमी कवा म्हनलो का, पारसशेठ न्हाईत तर आमचा कांदा परत न्हेतो म्हून?"

रमणलाल खळखळून हसले. पारसच्याही ओठांच्या कडा हलल्या. मग तो एकदम गंभीर झाला.

"पेढीवर चालतं. इथं नाही चालत. खोक्यांना पट्टी मारायचं मशीन आहे ना, त्यात झुंबरबाईंचं बोट सापडलं असतं तर? विमा तुमच्या नावाचा. दवाखान्यात मी काय सांगणार होतो? ही बाई कोण, म्हणून विचारलं असतं, तर कुणाच्या घरची म्हणून सांगू? एक पैसा मिळाला नसता तिला."

कुशाबाईच्या डोळ्यांपुढे झुंबरचं बोट आलं.

"इथं घर कामाला येत नाही, कुशाबाई. माणूस येतं," पारस जरा मऊ आवाजात म्हणाला. "पाहुण्यांनी लिहून नेलंय. ज्या बाईचं कार्ड होतं तिला या हंगामात ठेवायचं नाही. नाहीतर माल बंद. माल बंद झाला तर सगळ्याच घरी बसतील. मीसुद्धा."

टेबलावर पडलेल्या आपल्या कार्डाकडे तिनं पाहिलं.

"पण मी मार्ग काढलाय. झुंबरबाई खोटं बोलल्या नाहीत, आणि काम चांगलं केलं, चेतना सांगते. मला माणूस तर हवंच आहे. त्यांच्या नावानं नवीन कार्ड काढतो. उद्या फोटोला पाठवा. म्हणजे तुमच्या घरात पगार चालूच राहील."

त्यानं ते मनापासून सांगितलं, आणि कुशाबाई आता हसेल म्हणून तिच्याकडे पाहिलं. काय म्हणणार होती ती? घरचं एक माणूस गेलं म्हणजे झालं, हे तिचंच बोलणं होतं.

घरी नवरा सावळाराम म्हणाला, "मग बरंच झालं की! एक आली, एक गेली. घराचं काय नुसकान झालं?"

"घराचं न्हाई झालं."

"मग कुनाचं झालं?"

तव्यावरची भाकरी तिनं इतक्या जोरात उलटली की ती मधूनच फाटली.

झुंबर दाराशी घुटमळत होती. "म्या न्हाई जायची, आक्का. तुमच्या जागंवर मी कशी उभी ऱ्हाऊ? लोक काय म्हनतील?"

ती असं म्हणत होती, पण तिची ठेवणीतली साडी धुऊन दोरीवर टाकलेली होती. पौषातल्या थंडीत, सांज व्हायच्या वेळी, उगाच कुणी ठेवणीतली साडी धुत नाही. कुशाबाईनं ती साडी पाहिली. झुंबरच्या हातात आजवर कुणी एक नोट ठेवली नव्हती, तिचा नवरा तर नाहीच नाही. ते तिला ठाऊक होतं. राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. झुंबरवर काढता येत नव्हता, हेच सगळ्यात वाईट होतं.

"कुंकू जरा मोठं लाव," ती शेवटी म्हणाली. "बारकं लावलं तर फोटोत दिसत न्हाई."

झुंबर जायला लागली. सकाळी शेडकडे जाणारी जीप हॉर्न वाजवायची, तेव्हा कुशाबाईचे पाय आपोआप उंबऱ्याकडे वळायचे. मग ती तिथूनच अंगण झाडायला घ्यायची, झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. संध्याकाळी झुंबर यायची आणि शेडमधल्या गमती सांगायची. अमकी टेबलाला टेकून झोपली, तमकीची टोपी मिरचीच्या खोक्यात गेली. कुशाबाई ऐकायची आणि मधेच उठून म्हशीकडे जायची. पगाराच्या दिवशी झुंबरनं पाकीट न उघडताच तिच्यापुढे धरलं.

"माझ्यापुढं कशाला? तुझं हाय."

"ठिवा तुमी."

"ठिव म्हनते ना तुझ्यापाशी! दीरबी मागतील, हे बी मागतील. द्यायचं न्हाई. निदान समदं द्यायचं न्हाई." कुशाबाईचा आवाज चढला. आपण भांडतोय की शिकवतोय, हे तिचं तिलाच समजेना.

गावात लागणी चालूच होत्या. आता प्रत्येक सावडीला कुशाबाईच जायची. बायका आणखी कमी झाल्या. गेणभाऊंच्या वावरात तर पश्चिमेकडच्या डोंगरातल्या बायका पिकअपमध्ये बसून रोजानं आल्या, मुकाट्यानं वाफे लावून मुकाट्यानं गेल्या. गेणभाऊ खूश होते. काम झटपट झालं, कुणाला चहा विचारायला नको आणि कुणाची सावड फेडायला नको.

मग लागणीची शेवटची सावड आली. काम आटोपून हातपाय धुताना ठकूबाई जवळ आली.

"कुशे, माझ्या कांद्यानं तुझं काम घालवलं."

"कांदा काय करतोय? मीच घालवलं."

"तू आधी सांगितलं असतं तर नको म्हनले असते मी. यिऊ नको म्हनले असते."

"म्हनून तर सांगितलं न्हाई."

ठकूबाई पाटाच्या पाण्यात पाय घासत राहिली. मग म्हणाली, "पुढल्या साली मी बी पिकअपवाल्याला सांगते. रोजानं बाया लावते. तुला पुन्यांदा अडकवायची न्हाई. तू मोकळी."

ठकूबाई अगदी चांगल्या मनानं बोलली होती. पण शेडनं कुशाबाईला टेबलावरून उठवलं होतं, आणि आता ठकूबाई तिला वाफ्यातून उठवत होती. मोकळी! मोकळी होऊन जायचं कुठं?

"मला न इचारता पिकअप सांगितलास तर बघ," ती म्हणाली. ठकूबाई दचकली. "तुझ्या लागनीला मी येनार. मी स्वता. ध्यानात ठिव."

"आन् तुला परत शेडला घेतलं तर?"

"तरी येनार."

"कसं गं?"

कसं ते कुशाबाईला माहीत नव्हतं. घरी जाईपर्यंत ती तेच घोकत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीपचा हॉर्न वाजला तेव्हा झाडू टाकून झुंबरच्या शेजारी जाऊन बसली. झुंबरनं आपल्या शालीचं एक टोक तिच्या अंगावर टाकलं.

फाटकावर चिमाजी ओशाळला. त्या दिवसापासून तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. त्याला नुसतं बोलून सोडलं होतं, नोकरी राहिली होती. तरी सवयीनं त्यानं थट्टा केलीच.

"तुमच्या घरचं एक माणूस गेलं की आत, कुशाबाई. घरटी एकच!"

"ते घराचं. मी माझ्यासाठी आलेय. चेतनाताईंना बोलाव."

चेतना बाहेर आली. हातात नोंदणीचे कागद, कानावर पेन अडकवलेलं.

"कुशाबाई, या हंगामात नाही म्हणून सांगितलंय ना तुम्हाला?"

"हंगाम कवा सपतो?"

"होळीपर्यंत चालेल."

"मग व्होळीनंतर येते. पर नाव आत्ता लिवा."

"नाव आहे की आमच्याकडे."

"ते तुमी काढलं. नवं लिवा. आन् त्याच्या म्होरं अजून एक लिवा. लागनीच्या वक्ताला एक दिस मी यायची न्हाई. आधी सांगून ऱ्हाईन घरी. माझ्या जागंवर कुनाला धाडनार न्हाई, पर मी बी यायची न्हाई."

"असं आधीच कसं लिहिणार? सुट्टी तेव्हा मागायची असते."

"तवा मागितली. तवा पावणं आलं."

चेतनानं आत पाहिलं. आवाज ऐकून पारस दाराशी येऊन उभा राहिला होता. काचेच्या आड टोप्या घातलेल्या बायकांचे हात मंदावले होते. त्यात झुंबर कुठली, हे आता कुशाबाईलाही लगेच ओळखता येईना.

"एकीला दिला तर सगळ्या मागतील," पारस म्हणाला.

"मागतील. त्यांच्या बी लागनी असत्यात." कुशाबाईनं फाटकाचा गज धरला. "भाऊ, तुमी म्हनला हितं माणूस येतं, घर न्हाई. मला पटलं ते. झुंबरचं बोट माझ्या डोळ्यापुढनं हलत न्हाई. मंग त्या माणसाला एक दिस स्वताचं काम असतं, येवढंच तुमी लिवायचं."

पारसनं हायवेकडे पाहिलं. थंड हवेचा ट्रक मागे घेताना ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ट्रकला विमानाची वेळ गाठायची होती, आणि ही बाई फाटक धरून उभी होती.

"होळीनंतर या," तो घाईघाईनं म्हणाला. "एक दिवस. आठवडाभर आधी सांगायचं. आणि बिनपगारी, हे आत्ताच सांगतो."

"सावड बिनपगारीच असती, भाऊ."

तो ट्रककडे धावला. चेतनानं कानावरचं पेन काढलं, कागद चिमाजीच्या स्टुलावर ठेवला आणि लिहायला वाकली. नाव लिहून झालं. सुट्टीचा एक दिवस लिहून झाला. मग ती थांबली. ती शहरातून आलेली, तिला ही गोष्ट ठाऊक नव्हती.

"कारण काय लिहू? सावड म्हणजे नक्की काय म्हणायचं?"

कुशाबाई सांगायला लागली, मग तिच्या लक्षात आलं की एवढं कागदावर मावणार नाही.

"लिवा," ती म्हणाली, "ठकूबाईचा कांदा."